दुःख, त्रास, छळ : तिचा शब्द आणि आपली नोंदवही

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या मांडणीचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



काल रात्री उशिरापर्यंत तुमच्यातल्या बऱ्याच जणी एस.टी.चे धक्के खात आलात आणि आज सकाळी सकाळी शब्दांची व्युत्पत्ती ऐकायची म्हणजे शिक्षाच आहे. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या केंद्रातल्या एका फॉर्ममधून निघाला.

झालं असं, की आमच्या सल्ला केंद्रासाठी एक नवा नोंदणी फॉर्म आला. मूळ इंग्रजी. त्यात एक रकाना होता, ‘नेचर ऑफ सफरिंग’. त्याचं मराठी करायला आम्ही तिघी बसलो. एक म्हणाली, ‘दुःखाचे स्वरूप’ लिहू या. दुसरी म्हणाली, दुःख कसलं, कुणी मेलंय का? ‘त्रासाचे स्वरूप’ लिही. माझी इतकी वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेलेली, मी म्हटलं, ‘छळाचा प्रकार’ लिहा, पुढे वकिलाला बरं पडतं. एक चहा झाला, दुसरा झाला, रकाना रिकामाच. आमच्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशी कपबशा उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमी काय बी लिवा. बाई आल्यावर म्हणणार, माजं भोग हायेत.” मावशी स्वतः काही वर्षांपूर्वी त्याच टेबलाच्या पलीकडे बसलेल्या होत्या, त्यामुळे आम्हाला गप्प बसावं लागलं.

चौघींचे चार शब्द, आणि चारही शब्द वेगळं सांगतात. कोणी केलं, कशानं झालं, थांबवता येईल की नाही, याचं उत्तर प्रत्येक शब्दात आधीच ठरून बसलेलं असतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाचं बघू. ‘सफर’ हे क्रियापद लॅटिनमधून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. त्यात दोन तुकडे आहेत : ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहणे. ओझ्याखाली राहून ते वाहत राहणं. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई डोळ्यांपुढे आणा, अर्थ समजेल. पण या शब्दाला आणखी एक अर्थ होता आणि काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत तो सर्रास वापरात होता : होऊ देणे, मुभा देणे. म्हणजे ओझं वाहणारीनेच ते डोक्यावर ठेवू दिलं!

आपल्याला हे नवीन नाही. “इतकी वर्षं का सोसलंत?” हा प्रश्न पोलीस ठाण्यात, पंचांपुढे, माहेरच्या ओटीवर, सगळीकडे विचारतात. वरून तो सहानुभूतीचा वाटतो, आतून तो आरोप असतो. सोसलंस म्हणजे तुला चालत होतं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उच्च न्यायालयाने म्हटलं की भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली : अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना जे खुलं पत्र लिहिलं, त्याचा गाभा हाच होता की शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे. त्या पत्रातून देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ साली कायदा बदलला. आपल्यातल्या ज्या जुन्या जाणत्या आहेत त्या तिथूनच चळवळीत आल्या. मागे वळून पाहिलं तर ते सगळं भांडण ‘सोसणं’ या एका शब्दाच्या अर्थावरचं होतं.

आपल्याकडे ‘सोशिक’ हे विशेषण बाईसाठी राखून ठेवलेलं आहे. ‘मुलगा सोशिक आहे’ असं स्थळ सांगताना कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता दुःख. हा शब्द इतका तोंडातला आहे, की त्याला काही घडण असेल असं वाटतच नाही. पण ‘सुख’ आणि ‘दुःख’ शेजारी ठेवा. दोन्हींत ‘ख’ आहे. एकाच्या आधी ‘सु’, दुसऱ्याच्या आधी ‘दुः’. हा ‘ख’ म्हणजे भोक, पोकळी. आकाशालाही ‘ख’ म्हणतात, त्यावरून आकाशात फिरणारा तो खग. आणि वेदांत ‘ख’ म्हणजे चाकाच्या मधलं भोकही, ज्यात गाडीचा आस बसतो. ते भोक नीट पडलेलं असेल तर गाडी सुरळीत चालते, ते सुख. वाकडं पडलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला हिसका, ते दुःख. सगळ्या विद्वानांना ही फोड मान्य नाही. काही जण म्हणतात की मूळ शब्द ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट अवस्थेत असलेला, असा असावा. पण चाकाची फोड पुष्कळांनी दिलेली आहे, आणि मी शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे मला ती लगेच पटली.

आमच्याकडे बैलगाडी होती. आस आणि तुंबा यांचं जमेनासं झालं की गाडी करकरायची. गावाच्या वेशीपासून ऐकू यायचं, कुणाची गाडी येते आहे. वडील मग वंगणाचा नळा काढायचे. दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा करकर. शेवटी सुतार यायचा, चाक उतरवायचा आणि म्हणायचा, “वंगण किती बी घाला, भोकच वाकडं हाय.”

घरात बाई बोलायला लागली की आपण कोणता शब्द वापरतो? कुरकुर. ‘सारखी कुरकुर करते.’ चाकाचा आवाज तोच बाईचा आवाज. आणि मग वंगण घालायला सगळे धावतात. जरा समजुतीने घे, गोड बोल, मूल झालं की सुधारेल, एखादा उपास धर. खरं सांगायचं तर आपल्या केंद्रांतली कितीतरी ‘समेटाची’ कागदपत्रं वंगणाचीच आहेत. तीन महिन्यांनी तीच बाई परत येते, आणि आपणच वैतागून म्हणतो, ही पुन्हा आली.

एक गोष्ट वाटेत सांगून टाकते. चाकाच्या भोकासाठी ‘ख’ हा शब्द ऋग्वेदात जिथे येतो, त्यातली एक जागा म्हणजे आठव्या मंडलातलं अपालेचं सूक्त. अपाला ही नवऱ्याला नकोशी झालेली बाई. इंद्र तिला रथाच्या, गाडीच्या आणि जुवाच्या अशा तीन भोकांतून ओढून काढतो आणि तिची कांती सूर्यासारखी करतो, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे तेव्हाही टाकलेल्या बाईवर उपाय काय, तर तिलाच बारीक भोकातून ओढून सोलून काढायचं! नवऱ्याला कुठून ओढल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

दुःख हा शब्द मात्र वाया गेलेला नाही. मराठीत एका मुलीने तो असा वापरला, की आजही त्याला धार आहे. मुक्ता साळवे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय तेरा-चौदा. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला आणि त्याचं नावच ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ असं आहे. त्या निबंधात ती देवाला गाऱ्हाणं घालत बसत नाही. दुःख कोणी दिलं ते सांगते. पेशवाईत काय चालत होतं ते सांगते, धर्मग्रंथावर मालकी कोणाची आणि मग आमचा धर्म कोणता, असं विचारते. आणि बाळंतिणीविषयी लिहिते : घरावर छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस अंगावर, बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठून आणायचा. या बायकांना काय होत असेल ते स्वतःवरून ओळखा, असं ती वाचणाऱ्याला बजावते. बाळंतिणीचं दुःख म्हटलं की एरवी आपण आईची थोरवी वगैरे सुरू करतो. मुक्ताबाईने छपराचा हिशेब मागितला. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ यायला अजून सत्तावीस वर्षं होती.

दुःखाला कारण असतं, हे बुद्धाने सांगितलंच होतं. चार आर्यसत्यांतलं दुसरं तेच. पण ते कारण तृष्णा म्हणून माणसाच्या आत शोधायचं, की बाहेर, व्यवस्थेत? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर प्रश्न उभा केला, आणि पुढे माणसाने माणसाला दिलेल्या दुःखावर, दारिद्र्यावर आणि अन्यायावर बोट ठेवलं. यावर इथे बसलेल्या बौद्ध मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगलं बोलतील, म्हणून मी थांबते.

दुःखावरूनच ‘दुखणं’ आलं. क्रियापदही आहे, पोट दुखतं, कंबर दुखते. आणि नामही, ‘तिला मोठं दुखणं आलं’. आणि या दुखण्याला मराठीत एक खास जोड आहे. आपण ‘दुखणं अंगावर काढतो’. दुसऱ्या भाषेत याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण मराठी बाईचं निम्मं आयुष्य या एका वाक्प्रचारात बसतं. डॉक्टरकडे न जाता, घरात न सांगता, काम चालू ठेवून ते झिजवायचं. आणि वर त्याचं कौतुक : ‘तापात पण भाकऱ्या थापत होती हो!’

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. तक्रार सांगितली होती ५५ टक्क्यांनी, आणि आधी कधी तपासणी व उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे. ९२ आणि ८ यांच्यामध्ये जे उरतं, ते सगळं अंगावर काढलेलं. तोपर्यंत सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, याची नोंदच नव्हती, कारण कुणी विचारत नव्हतं आणि बाईला वाटत होतं हे बाईपणाचंच आहे.

पण इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. ‘बायका सांगत नाहीत’ एवढ्यावर थांबलं तर दोष पुन्हा बाईच्या तोंडावर येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं म्हणून झोपून राहायचं तर ते दुखणं रुपयांत पडतं. फडाजवळ ना पाणी, ना आडोसा. बीड जिल्ह्यात अशा बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी साडेतेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायका गप्प नव्हत्या. त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं. त्यांच्या दुखण्यावर जो उपाय मिळाला तो खाडा वाचवणारा होता.

आता ‘त्रास’. हा आपल्या केंद्रात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द. संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मूळ धातूचा अर्थ भिणं, थरथरणं. मराठीत तो गुळगुळीत झाला. डासांचा त्रास, बसचा त्रास, गुडघ्याचा त्रास. त्यामुळे बाई ‘त्रास देतो’ म्हणाली की आपण लिहितो ‘किरकोळ वाद’. पण ती जेव्हा खाली बघून म्हणते ‘रात्रीचा त्रास आहे’, तेव्हा या शब्दातली जुनी थरथर तशीच असते. अशा वेळी पेन खाली ठेवा. बाकीच्यांना बाहेर पाठवा. नवऱ्याने केलेल्या बळजबरीसाठी आपल्या भाषेत रुळलेला शब्द नाही, आणि फौजदारी कायद्यातही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तरी अठरा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीतला तो जुना अपवाद तिच्यातही ठेवला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक अत्याचार स्पष्ट नोंदवलेला आहे. तिने ‘त्रास’ म्हटलं आणि आपण न विचारता ‘त्रास’ लिहिलं, तर तेवढाही आधार तिच्या हातून जातो.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. ही मी आजवर शिबिरात सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची. तालुक्याच्या गावाजवळच्या वस्तीवरची एक बाई आमच्याकडे आली. लग्नाला चार वर्षं झालेली. तिने दोन तास सांगितलं. पिठाच्या डब्याला सासू कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला ठेवायची. भाकरी मोजून दोन. नवरा बाहेरगावी असला की हिला गोठ्यात झोपवायचे. माहेराहून मोटारसायकलचे पैसे आण म्हणून एकदा थंडीत दारात उभं केलं, सकाळपर्यंत. प्रत्येक गोष्टीनंतर ती म्हणायची, “लई जाच, ताई.” मी तक्रारअर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं, कलमं पाठ. मी लिहिलं, ‘वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’. हे वाक्य तुम्हाला पाठ आहे. आपल्या सगळ्यांच्या अर्जांत ते शिक्क्यासारखं असतं. दोन तासांचं बोलणं मी एका ओळीत गुंडाळलं. आणि पोलिसांनी माझ्या अर्जावरूनच फिर्याद उतरवून घेतली.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तिला अरेतुरे करत विचारलं, “तुझा छळ झाला म्हणतेस. छळ म्हणजे काय?” ती गोंधळली. तिच्या बोलण्यात छळ हा शब्दच नव्हता. कीर्तनात ऐकलेला, हिरण्यकश्यपूने प्रल्हादाचा केला तो छळ. कड्यावरून लोटणं, हत्तीच्या पायी देणं. ती म्हणाली, “छळ असा न्हाई साहेब. जाच व्हता.” वकील म्हणाला, “जाच म्हणजे घरात सासू सुनेला बोलते, तोच ना?” ती म्हणाली, “व्हय, तसाच.” मी मागच्या बाकावर बसले होते. पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं. डब्याचं कुलूप, गोठा, ती थंडीतली रात्र, यातलं काहीच फिर्यादीत नव्हतं. मग ते साक्षीत सांगितल्यावर ‘मागाहून रचलेलं’ ठरलं. सगळे सुटले. ती कोर्टाच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, “ताई, मी काय चुकीचं बोलले का?”

नाही. चूक माझी होती. मी तिचा शब्द काढून माझा घातला होता, आणि तिच्या शब्दाबरोबर कुलूपही गेलं, गोठाही गेला. ४९८अ कलम १९८३ साली आलं, आता न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालं आहे. त्यातही नुसत्या ‘छळ’ म्हणण्याला किंमत नाही. जिवाला, अवयवाला, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर धोका होईल असं वागणं, किंवा पैशाच्या-वस्तूच्या बेकायदा मागणीसाठी केलेला जाच, हे दाखवावं लागतं. ते दाखवणारे सगळे तपशील तिच्या ‘जाचा’त होते. माझ्या ‘छळा’त एकही नव्हता. गंमत म्हणजे संस्कृतात ‘छल’चा अर्थ कपट, फसवणूक असा आहे. त्या दिवशी तो अर्थ मला फार लागला.

बाईचे शब्द कोर्टात उलटे कसे फिरतात याचं याहून मोठं उदाहरण पुण्यातलं आहे. १९८२ साली लग्नानंतर चार महिन्यांत एक तरुण मुलगी सासरी मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती, मनातली घालमेल सांगणारी. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिची पत्रं बघता ती हळव्या मनाची होती, तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा विचार त्यात होता. दुःख लिहून ठेवलं नसतं तर पुरावा नव्हता. लिहून ठेवलं तर तो तिच्याच स्वभावाचा पुरावा झाला. पुण्यातल्या बायकांनी तेव्हा रस्त्यावर येऊन निषेध केला.

‘नांदणे’ या शब्दावर खरं तर वेगळं सत्र घ्यायला हवं. संस्कृत ‘नन्द्’ म्हणजे आनंदणे, त्याच्याशी त्याचं नातं आहे. सुखाने राहणं ते नांदणं. पण आपल्याकडे येणाऱ्या नोटिशीत काय असतं? ‘नांदावयास यावे.’ आनंदात राहायला या, नाहीतर दावा लावतो! रखमाबाईंवर हाच दावा लागला होता. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं की जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, पुढे त्या डॉक्टर झाल्या. हा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजून आहे. आणि गावात ‘ती नांदत नाही’ असंच म्हणतात. ‘तिला नांदू देत नाहीत’ असं क्वचित.

शब्दकोश चाळताना एका ठिकाणी मात्र मी थबकले. ‘सहन’. मला वाटायचं हा सगळ्यांत लाचार शब्द. पण ‘सह्’ या धातूचा वेदातला अर्थ आहे मात करणे, भारी पडणे. ‘सहस्’ म्हणजे बळ. त्यावरून ‘साहस’ आला. म्हणजे सहन आणि साहस एकाच घरचे. समोरून येणाऱ्याला तोंड देऊन टिकून राहणं, हे आधी. मुकाट गिळणं हे नंतर. आणि जुन्या धर्मशास्त्रात तर ‘साहस’ हा गुन्ह्याचा प्रकार आहे, बळजोरीने केलेला गुन्हा. पुरुषाच्या वाट्याला साहस गेलं, बाईच्या वाट्याला सहन. व्युत्पत्तीने कुणाची सुटका होत नाही हे मलाही कळतं. मुळात अर्थ काय होता म्हणून आज तो तसा होत नाही. पण मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग मी इतकी वरसं काय केलं, सहन का साहस?” मला उत्तर देता आलं नाही. पोरांना घेऊन रात्री अकरा मैल चालत माहेरी आलेली बाई आहे ती. त्याआधीची नऊ वर्षंही तिचीच.

म्हणून ‘भोग’ या शब्दावर मी आता पूर्वीसारखी तुटून पडत नाही. पूर्वी बाई ‘भोग’ म्हणाली की आम्ही लगेच सांगायचो, भोगबिग काही नसतं, ही पुरुषप्रधान व्यवस्था आहे. बरोबरच होतं ते. पण ती गप्प व्हायची. तिला वाटायचं, मी अडाणी ठरले. भोग म्हणजे जे वाट्याला आलं ते. त्यात खाणंही येतं, उपभोगही येतो. ‘भुज्’ धातू तोच. एकाने भोगायचं आणि दुसरीने भोगायचं, क्रियापद एक आणि वाटणी वेगळी. आता मी नुसतं विचारते, “तुमच्या वाट्याला काय काय आलं, सांगा.” मग ती सांगते. आणि सांगता सांगता बहुतेक वेळा तीच नाव घेते, कोणी दिलं त्याचं.

आपल्या अहवालांतल्या शब्दांकडेही जरा बघा. ‘पीडित महिला’, ‘अत्याचारग्रस्त’, ‘लाभार्थी’. अनुदानाच्या अर्जात ते लागतात, मान्य. पण बाईला समोर बसवून तिच्यादेखत फोनवर ‘एक पीडित आली आहे’ असं कोणी म्हणू नये, एवढं आमच्या केंद्रात आम्ही ठरवलं आहे.

तर तो रकाना. शेवटी आम्ही त्याचे दोन केले. पहिल्यात तिने वापरलेला शब्द, जसा तिच्या तोंडून आला तसा, तिच्या बोलीत. आणि त्याखाली ‘म्हणजे काय काय झालं’ यासाठी अख्खं पान कोरं. दुसऱ्यात आपलं कलम, आपला शब्द. पहिला भरल्याशिवाय दुसरा लिहायचा नाही. एका फॉर्मला पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता सव्वा तास लागतो. निधी देणाऱ्यांनी विचारलं की महिन्याच्या केसेस कमी का झाल्या. त्यांना काय उत्तर द्यायचं, त्यावर उद्या दुपारी बोलू.

आत्ता एक काम द्यायचं आहे. माझे सगळे शब्द पश्चिम महाराष्ट्रातले, त्यातही शिकलेल्या बाईचे. लमाणी तांड्यावर, पावरा आणि गोंड वस्त्यांवर, कोकणात, झाडीपट्टीत, मुंबईच्या वस्तीतल्या दखनी बोलणाऱ्या मुसलमान मैत्रिणींच्या घरी यासाठी कोणते शब्द आहेत ते मला माहीत नाही. चहानंतर आपापल्या भागाप्रमाणे गट करून बसा. प्रत्येक गटाने निदान पाच शब्द लिहून काढायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं, बाई तो शब्द कधी वापरते आणि कुणासमोर वापरत नाही. तक्ते त्या कोपऱ्यात आहेत. खडूही आहेत, पण निळा संपला आहे.